मलावीतलं निरोपाचं ताट

मी शिकलो तो सोनईच्या शाळेतल्या शेळकेबाईंमुळे. आज रस्त्यावर मका भाजल्याचा वास आला आणि आफ्रिकेत मलावीला केलेल्या मिशनचा शेवटचा दिवस आठवला.

जिच्या अंगणात आम्ही पंधरा दिवस प्रार्थना घेतली, तिने निरोपाला कोंबडी कापली होती, मक्याचं पीठ शिजवलं होतं. आमच्या चर्चचे पाळकसाहेब कुजबुजले, "खाऊ नका, लई पोट बिघडतं. बिस्किटं हायेत."

"मग पोट नगरलाच ठेवून यायचं, साहेब!" मी म्हणालो.

बाकी सगळे बिस्किटं खात बसले. ती ताट धरून उभीच. आठवलं की अजून संताप होतो. प्रीतीचा उपदेश करून आम्ही विटाळच पाळला.

त्या संध्याकाळी शेळकेबाईंना पत्र लिहिलं: "बाई, आमच्या घरचं पाणी गावात कुणी पीत नव्हतं, तेव्हा तुम्ही मागून प्यायलात. आज मी एकटाच जेवलो. दोनदा मागून घेतलं."