तारेवरचा नीळकंठ आणि आमचे दाजी

आमच्या दाजींइतका अस्वस्थ माणूस हुमनाबादपासून औरादपर्यंत दुसरा सापडायचा नाही. जेवता जेवता उठून फाटकापर्यंत जाऊन येतील. धाब्यावर चहा सांगतील आणि तो येईपर्यंत शेजारच्या लॉरीच्या चाकांना लाथा घालून हवा तपासतील. बसमध्ये जागा मिळाली तरी दारात उभे, कारण काय, तर ‘बसलं की गाडी हळू जायल्यासारखी वाटतीय.’ अशा माणसाने पाखरांचे फोटो काढायचा नाद लावून घ्यावा, हे अक्काचं, म्हणजे माझ्या बहिणीचं, नशीब.

नादाला कारण दाजींची आई. दसऱ्याला नीळकंठ दिसल्याबिगर तोंडात घास घालायचा नाही, हा तिचा जन्माचा नेम. पाय होते तोवर कोहिनूर गावच्या शिवारात जाऊन बघून यायची. पाय गेले, नेम राहिला. कुणीतरी पिंजऱ्यात धरून आणला, तर तिने तोंड फिरवलं. “बांधलेलं पाखरू बघून कामून पाप घेऊ?” तेव्हा दाजींनी कुठून तरी जुना डिजिटल कॅमेरा पैदा केला.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, म्हणून त्या कॅमेऱ्याची पुस्तिका मलाच वाचावी लागली. दसऱ्याच्या सकाळी आम्ही तुरीच्या बांधावर जाऊन बसलो. नीळकंठ विजेच्या तारेवर ढिम्म होता. बसलेला असला की तो मातकटच दिसतो; निळाई सगळी पंखांत मिटलेली. “दाजी, हलू नका.” “हलायलंय कोण?” म्हणत दाजी उभे राहिले. पाखरू उडालं. पुढच्या खांबापाशी त्यांच्या बुटात खडा गेला. त्याच्या पुढच्यापाशी मी “शूऽ” केलं, तर मोठ्याने म्हणाले, “ओ बीए, कॉलेजात गप बसायचंच शिकवलं व्हय? म्हणून नोकरी मिळंना!” पाखरू पुन्हा गेलं. ऊन कललं. घरी म्हातारी उपाशी, आणि कॅमेऱ्यात नुसत्या रिकाम्या तारा. एकाच फोटोत कोपऱ्यात निळा फराटा.

दाजींनी मान खाली घालून तो फराटा आईपुढे धरला. ती बराच वेळ बघत राहिली. मग हात जोडले. “ह्योच की रे! मी जवळ गेले की असाच भुर्रकन जायचा.” आणि सुनेला हाक मारली, “वाढ गं.”

आई गेल्यावरच्या दसऱ्याला दाजी मला त्याच बांधावर घेऊन गेले. नीळकंठ तारेवर होता. दाजी इतके गप बसले की मलाच चुळबुळ सुटली.

“काढा की दाजी. बसलाय.”

“बसलेला काय करू? उडू दे.”

पाखरू काही उडेना. दाजी काही हलेनात. शेवटी मीच उठून टाळी वाजवली. तारेवरून निळाई एकदम उघडली आणि तुरीवरून पार निघून गेली. कॅमेरा दाजींच्या मांडीवर तसाच होता. त्यांचे हात जोडलेले होते.