शुक्रवारचा फोन

"बोल बोल, ऐकतोय मी," हे दादांचं ठरलेलं वाक्य. तुम्ही तोंड उघडायच्या आत ते म्हणून टाकायचे. खरं तर त्यांना जवळपास काहीच ऐकू येत नव्हतं.

आखातात रास अल खैमाला, अगदी समुद्राला लागून, आमची दगडाची खाण होती. डोंगर फोडायचा आणि दगड बार्जमध्ये भरायचे. दादा गुहागरकडचे, दगड भरडायच्या क्रशरवर होते. त्या धडधडीने त्यांचे कान गेले. मी काट्यावर ट्रकांचं वजन लिहायचो. खाणीत सगळेच हातवारे करून बोलतात, त्यामुळे दादांचं बहिरेपण खपून जायचं. मेसमध्ये कुणी "डाळ खारट झालीय" म्हटलं, की दादा मनापासून म्हणायचे, "इन्शाल्ला." आम्ही पोट धरून हसायचो. तेही हसायचे.

अडचण होती ती घरच्या फोनची. एका शुक्रवारी त्यांनी मला बूथमध्येच ओढलं.

"तू ऐक आणि मला सांग."

"वहिनींना खरं सांगून टाका ना, दादा," मी ओरडलो.

"नको. लगेच परत या म्हणेल. पोरीचं नर्सिंग पुरं होऊ दे, मग खलास."

तेव्हापासून दर शुक्रवारी आम्ही दोघं त्या बूथमध्ये घामाघूम. वहिनी बोलल्या की मी रिसीव्हरवर हात दाबून दादांच्या कानात ओरडायचो, मग ते उत्तर द्यायचे. परदेशातला फोन, आवाज उशिरा पोचतो, अशी वहिनींची समजूत. एकदा "रात्री पाठीला तेल लावा" हे मी असं काही ओरडलो, की बाहेरच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "यल्ला, चला दादा, लावा."

मग एकदा सुरुंगाचा भोंगा वाजला आणि दादा जागचे हललेच नाहीत. दोघांनी त्यांना ओढून बाजूला काढलं. फोरमनला कळायचं ते कळलं. आठवड्याभरात परतीचं तिकीट हातात. पोरीचं एक वर्ष राहिलं होतं. मी फोरमनशी भांडलो, पण त्याचंही काही चुकलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

ईदच्या सुट्टीत मी त्यांच्या गावातल्या दुकानात फोन लावला. दुकानदाराने वहिनींना बोलावून आणलं. दादा आंब्याच्या राखणीला जातात, पोरगी शिक्षण सोडून घरी बसली, असं त्यांनी सांगितलं.

"भावजी, इतकी वर्षं तिकडून तुम्हीच ऐकत होतात ना?"

"हो, वहिनी."



"मी मधेच रडायचे. तेही त्यांच्या कानात ओरडून सांगायचात?"

"नाही. ते कधी सांगावं लागलं नाही. दादा माझ्या तोंडाकडेच बघत असायचे."