आपांनी वाचून दाखवलेला कागद

शमीम आपा गेल्याचं मला कोर्टाच्या जिन्यात कळलं, तेही आमच्या खटल्यातल्या एका आरोपीच्या, गल्लीतल्या मंडळाच्या अध्यक्षाच्या तोंडून. "वाईट झालं, वकीलबाई," तो म्हणाला. चेहऱ्यावर मात्र सुटल्याचा आनंद मावत नव्हता. दीड महिना झाला, पण तो चेहरा आठवला की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

सोलापूरच्या कोर्टाबाहेर कडुलिंबाखाली आपांचं टायपिंगचं टेबल. मी नवखी वकील होते तेव्हापासून माझे अर्ज त्याच टाइप करायच्या आणि चुका काढून वर विचारायच्या, "वकीलबाई, शिकल्या कुटं तुमी?" कागद झाला की सही करणाऱ्याला तो मोठ्याने वाचून दाखवायचा, हा त्यांचा हट्ट. घाई असो, ऊन असो... सुटका नाही. आम्ही वकील वैतागायचो.

तीन वर्षांपूर्वी एका गल्लीतल्या मंडळाचे पाच पंच स्टॅम्पपेपर घेऊन त्यांच्याकडे आले. सोबत टॉवेलच्या कारखान्यात राबणारी एक बाई. मंडळाच्या शिकवणीतल्या मास्तराने तिच्या नऊ वर्षांच्या मुलीवर अत्याचार केला होता आणि पंचांनी बैठक घेऊन ते 'मिटवलं' होतं. स्टॅम्पपेपरवर आलं की सगळं कायदेशीर, अशी या शहाण्यांची समजूत! मजकूरही स्वतःच लिहून आणलेला : मास्तराकडून चूक घडली, मंडळाने समज दिली, आईची तक्रार नाही, पोलिसांत कोणी जाणार नाही. खाली पाचांची नावं, हुद्द्यांसकट. आपांनी तो टाइप केला आणि वाचायला घेतला. "आमाला ठाऊक हाय की, वाचताय काय," म्हणत पाचांनी ऐटीत सह्या ठोकल्या.

"आता हिला वाचून दाखवते," आपा म्हणाल्या.

"तिला काय कळतंय? अंगठा घ्या."

"म्हणून तर वाचायचं."

'तक्रार नाही' ऐकताच बाईने हात पदराखाली ओढला. "मास्तराला काढायचा कागद हाय म्हणाले हुते की हे..."

पंच कागद हिसकावायला उठले, पण भर कोर्टाच्या आवारात किती हिसकावणार? आपा तो कागद आणि बाईला घेऊन तडक पोलीस ठाण्यात गेल्या. मास्तराला अटक झाली आणि गुन्हा ठाऊक असून दडपला म्हणून ते पाचही आरोपी झाले, स्वतःच्याच सह्यांनी.

मग मंडळाने मास्तरासाठी मोर्चा काढला. म्हणे, चांगल्या घरचा मुलगा! आणि ती पोर काय रस्त्यावर पडली होती? नऊ वर्षांच्या मुलीपेक्षा ज्यांना मंडळाचं नाव मोठं वाटतं, त्यांची मला किळस येते. आपांकडे काम द्यायचं नाही, असा निरोपही फिरला. त्यांना दम्याने गाठलं, तसं पंचांच्या वकिलाने तारखांवर तारखा मागितल्या. म्हातारी कधी जाते याचीच वाट. पण आपांनी धापा टाकत साक्ष पूर्ण केली. "पक्षकाराचा कागद पोलिसांना देणं हा विश्वासघात नाही का?" असं त्या वकिलाने विचारलं.

"इश्वासघात पोरीचा झालाय, साहेब. माजं टायपिंग बरूबर हाय."

साक्ष नोंदलेली असूनही, आपा गेल्या, तर आता आमची नावं वगळा, असा अर्ज त्या पाचांनी केलाय. त्याला विरोध करणारं लेखी म्हणणं त्या मुलीच्या आईची वकील म्हणून मी तयार केलं आणि परवा त्या रिकाम्या टेबलाशी बाईपुढे शाईचा पॅड सरकवला. मला घाई होती. तिने हात मागे घेतला.

"आदी वाचून दावा, वकीलबाई."

मी ओशाळून वाचू लागले. चार पावलांवर ते पाचजण चहा पीत उभे होते.

"लई हळू वाचताय," त्यांच्याकडे बघत ती म्हणाली. "त्यास्नी बी ऐकू जाऊ द्या की."

मी आवाज चढवला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली.