मी हाय आता

आमच्या मालकांना रिटायर होणं कधी जमलंच नाही. फौजेतून आले ते थेट साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या गेटवर उभे राहिले. तिथून वयामुळे थांबवलं, तर घरात बसून माझ्या भाकरीला नावं ठेवायला लागले. त्यामुळे एजन्सीवाल्याचा फोन आला, "मेजर, एका बंद साखर कारखान्यावर विश्वासाचा माणूस पाहिजे, राहायला क्वार्टर आहे," तेव्हा त्यांच्याआधी मीच पिशव्या भरल्या. मीही अंगणवाडीतून नुकतीच मोकळी झाले होते. म्हटलं, जागा बदलली की माणूस जरा सुधारेल. कसलं सुधारणं!

कारखाना सांगलीच्या पूर्वेला होता, जिथून पुढे माणसांच्या मराठीत कानडी मिसळत जाते. फाट्यावर एसटीतून उतरायचं आणि माळातून बरंच आत चालायचं. कैक वर्षं चिमणीतून धूर निघाला नव्हता. कॉलनीत दार असलेली खोली तेवढी आमचीच. बाकीच्या क्वार्टरांची दारं-खिडक्या लोकांनी काढून नेल्या होत्या. दिवसभर होले घुमायचे, बाकी आवाज म्हणून नाही. मी बोलघेवडी बाई. त्या शांततेनं पहिल्याच दिवशी माझं डोकं उठलं.

त्याच दिवशी आम्ही दोघं कारखाना बघायला आत शिरलो. ऊन डोक्यावर आलं होतं. मिल हाऊस म्हणजे ऊस पिळायची जागा. एकामागे एक अजस्र लोखंडी रोलर, आणि त्यांच्या वरच्या अंगाला मिल चालवणाऱ्या माणसानं उभं राहायचा कट्टा. भंगारवाल्यांनी हाताला लागेल ते सोडवून नेलं होतं. कट्ट्यावरचं वाफ कमीजास्त करायचं चाकही गेलं होतं, नुसता दांडा उभा होता.

मालकांची एक सवय होती. कुठल्याही ड्यूटीवर हजर होताना आधीच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून ते त्याला मोकळं करायचे. फौजेत पहारा असाच बदलतात म्हणे. दुसरा येऊन उभा राहिल्याशिवाय पहिला जागचा हलत नाही. इथे आधीचा माणूस कोण असणार? तरी हे कट्ट्यावर चढले, रिकाम्या जागेत खांद्याच्या उंचीवर हात टेकवल्यासारखं केलं आणि मोठ्यानं म्हणाले, "जा गड्या घरी. मी हाय आता."

"आवं, कुनाला सोडताय? उंदरांना?" मी हसले.

तेही हसले. मग मध्येच थांबले आणि पुढे केलेला हात दुसऱ्या हातानं चोळू लागले. "गार लागलं," म्हणाले. पत्र्याखाली आमच्या अंगाची लाही होत होती.

दुसऱ्या दिवशी जेवता जेवता ते अर्ध्या भाकरीवरून उठले. बाराचा सुमार होता. "कुटं निघालात?" मी विचारेपर्यंत ते दाराबाहेर. अनवाणी, खरकट्या हातानं तरातरा चालू लागले. भंगारवाले आले असतील असं वाटून मीही काठी घेऊन मागे धावले.

ते कट्ट्यावर उभे होते. उजवा हात पुढे, मूठ आवळलेली, चाक धरल्यासारखी. मान कललेली, कान खालच्या रोलरकडे. आणि ते ओरडत होते. त्या मुक्या जागेत, मोठ्या गोंगाटात ओरडावं तसं, गळ्याच्या शिरा फुगवून ओरडत होते, "ऊस सोड! ऊस सोड! मिल मोकळी फिरतीया!"

मी हाक मारली. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि माझ्या हातातली काठी गळून पडली. ज्या डोळ्यांशी मी उभा जन्म भांडले, ते हे डोळे नव्हतेच. त्यांनी मला ओळखलं नाही, एवढंच नव्हतं. ते मला पहिल्यांदाच बघत होते.

"अक्का," ते म्हणाले. आवाज त्यांचाच, पण चाल त्या मुलखाची. "अक्का, माजा गडी आला का गं?"

आमच्याकडे अक्का म्हणतात मोठ्या बहिणीला. आणि नवऱ्याच्या तोंडून तो शब्द! मी त्यांना दंडाला धरून ओढलं. हात हलेना. पन्नास पोरं एका हाताने आवरलेली बाई मी, पण तो हात रोलरइतका जड होता. ऊन कलल्यावर कधीतरी ते आपोआप खाली उतरले आणि विचारायला लागले, "भाकरी झाली न्हाई व्हय अजून?" त्यांना काहीच आठवत नव्हतं. त्यांचे तळवे मात्र काळ्या ग्रीसनं माखले होते. मी नंतर जाऊन सगळं लोखंड चाचपून पाहिलं. गंज होता, कोरडा ठाक. ग्रीस कुठेही नव्हतं.

मग ते रोजचंच झालं. बारा वाजायला आले की त्यांच्या चेहऱ्यावरून कुणीतरी हात फिरवल्यासारखं व्हायचं आणि ते उठायचे. मी दाराला कडी लावली, तर कडी वाकवून गेले. देवऋषी आणला. त्यानं लिंबू कापलं, अंगारा लावला, मिल हाऊसच्या दारापर्यंत आला आणि तिथूनच माघारी फिरला. मिरजेच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, गोळ्या दिल्या, विश्रांती सांगितली. विश्रांती! माणूस उभ्या उभ्या झिजत होता. पाय सुजून खांबासारखे झाले, गालफडं बसली. पुढे पुढे ऊन कललं तरी ते खाली उतरेनात. मी कट्ट्याखाली ताट घेऊन बसायचे. वरून आवाज यायचा, "आला का?" मी म्हणायचे, "न्हाई." काय बोलणार दुसरं?

एका सकाळी ते जरा शुद्धीत होते, तेवढ्यात मी त्यांना घेऊन निघाले. साताऱ्याला, घरी, मुलाजवळ, आपल्या माणसांत. एसटीत खिडकीजवळ बसवलं. गाडी सुटली, कारखान्याची चिमणी मागे पडली आणि ते ताडकन उठले. "मिल सोडून आलुया! कुनी न्हाई तितं!" असं ओरडत त्यांनी दरवाज्याकडे झेप घेतली. चार माणसांनी धरलं तर चौघांनाही फरफटत नेलं. कंडक्टरनं गाडी थांबवली आणि हात जोडून म्हणाला, "मावशी, उतरा. मानूस मरंल माझ्या गाडीत." उतरल्याबरोबर ते माळातून सुजल्या पायांनी पळत सुटले.

मी मागे चालत फाट्यापर्यंत आले. तिथे एक बाई चहाची टपरी चालवायची. तिनं मला बाकावर बसवलं, पाणी दिलं. तिचा सासरा त्याच मिल हाऊसमध्ये कामाला होता. तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "मेजरनी पयल्या दिशी तितं काय म्हनलं का?"

मी सांगितलं. तिनं गॅस बंद केला.

"मिलवर लय आवाज असतूय, अक्का. पाळी बदलताना नवा गडी येनार, खांद्यावर हात ठिवनार आन् म्हननार, जा, मी हाय आता. तवाच पयला चाकावरनं हात काढनार. त्याबिगर कुनी हलायचं न्हाई, हलला तर मिल फुटायची. शेवटच्या हंगामात कारखाना मधनंच बंद पडला. बाराची पाळी आलीच न्हाई. मिलवरचा गडी तसाच हुबा. वाफ गेली, मिल थांबली, तरी म्हनं, बदली आल्याबिगर सोडनार न्हाई. उचलून घरला न्हेला त्येला. त्याच उन्हाळ्यात गेला. मूठ आवळल्यालीच हुती."

तिनं पदरानं तोंड पुसलं. "मेजरनी त्येला मोकळं केलं, त्येची पाळी आपल्या अंगावर घेतली. आता मेजरना कोन मोकळं करनार?"

परत चालत जाताना मला सगळं स्पष्ट दिसत होतं. तिथे राहिले तर हे उभ्या उभ्या मरणार. सोडवायचं तर दुसऱ्या कुणीतरी तिथे उभं राहायला पाहिजे. एजन्सीला फोन करावा, म्हणावं, दुसरा गार्ड पाठवा, मेजर आजारी आहेत. तो येईल, सांगू तसं बोलेल आणि आमची सुटका होईल. मी नंबर लावला. पलीकडून कुणीतरी 'हॅलो' म्हणालं, आणि तो येणारा माणूसही कुणाचा तरी मालक असणार हे माझ्या डोक्यात आलं. मी फोन कापला आणि रडले. राग आला मला, खूप राग आला. फौजेला, त्या मेल्या गड्याला, मालकांच्या त्या थट्टेला. आयुष्यभर या माणसानं कुठेतरी उभं राहायचं आणि मागचं सगळं मी निस्तरायचं.

मी कट्ट्याच्या शिडीवर पाय ठेवला. जवळ गेले तर त्यांचं सगळं अंग बारीक थरथरत होतं, आत काहीतरी फिरत असावं तसं. मी खांद्यावर हात ठेवला.

"जावा तुमी घरी," मी म्हटलं.  आणि खांदा घट्ट धरून पुढचं म्हटलं, "जावा. मी हाय आता."

त्यांनी सावकाश मान वळवली. "चार्ज घेतलास, अक्का?"

"घेतला."

त्यांनी माझा हात धरला आणि त्या रिकाम्या दांड्याच्या वर ठेवला. तिथे चाक होतं. गरम, ग्रीसनं बुळबुळीत, थरथरणारं चाक माझ्या मुठीत होतं. पायाखालचा कट्टा हलत होता, उकळत्या रसाचा गोड वास नाकात भरला आणि चारी बाजूंनी असा गडगडाट उठला की मी किंचाळले ते माझं मलाच ऐकू आलं नाही.

मग सगळं थांबलं. मालक खाली बसले होते आणि डोळे मिचकावत माझ्याकडे बघत होते. "आगं, हितं उकाड्यात काय करतीयास?" म्हणाले. इतकं शहाणं, इतकं त्यांचं स्वतःचं वाक्य ऐकून मला हुंदका फुटला.

दुपारच्याच गाडीनं आम्ही निघालो. चिमणी मागे पडली तेव्हा माझं अंग सीटवरून उठायला लागलं. आतून कुणीतरी ओरडत होतं की मिल सोडून चाललीस, मागे फिर. मी पुढच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरला, पदर तोंडात कोंबला आणि बसून राहिले. मालकांना ते जमलं नव्हतं, कारण त्यांनी जन्मात कधी काही आतल्या आत दाबलं नव्हतं. मला सासरी आल्यापासून सवय होती. ते शेजारी निवांत घोरत होते.

आता आम्ही घरी आहोत. मालक खडखडीत बरे आहेत, पारावर बसून फौजेच्या गप्पा मारतात, भाकरीला नावं ठेवतात. माझा उजवा हात मात्र दुपारी आवळतो आणि उघडत नाही. मी ओट्याची कड धरून उभी राहते. कानात ते लोखंड फिरत असतं. घरचे म्हणतात संधिवात आहे, मीही म्हणते संधिवात आहे.

गेल्या वर्षी मुलाचं लग्न झालं. सून गुणाची आहे. एकदा दुपारी तिनं मला तशी उभी बघितली, मागून येऊन खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "आई, तुम्ही बसा जाऊन, मी..." मी वळून तिच्या तोंडावर हात दाबला. इतका जोरात की तिच्या ओठातून रक्त आलं. ती रडत आत गेली. आता भावकीत बोलतात की सासू स्वयंपाकघर सोडत नाही, सुनेला हात लावू देत नाही. बोलू देत. त्या पोरीवर माझा जीव आहे, आणि ती जे बोलणार होती ते ऐकायला माझे कान आसुसलेत, हे मी कुणाला सांगू?

हे वर्ष मला जड जातंय. आता पाय सुजायला लागलेत. आमच्याकडे माणूस जायला लागलं की घरचे हात हातात घेऊन सांगतात, निवांत जावा, आमी हाय. जीव अडकू नये म्हणून सांगतात. माझ्या सासूला मीच तसं सांगितलं होतं. त्या वेळी मुलाचं तोंड दाबायची ताकद माझ्यात उरणार नाही, याची मला भीती वाटते. म्हणून काल त्याला सुट्टी होती तेव्हा समोर बसवला. म्हटलं, मी जाताना माझा हात धरू नकोस आणि एक शब्दही बोलू नकोस, मला वचन दे. का, ते सांगायला लागले तर तो ऐकेचना. असलं काय बोलतीस म्हणून चिडला, मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बोलता बोलता दुपार झाली होती आणि माझा हात आवळत चालला होता. मला उठायचं होतं. त्यानं एक हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि दुसऱ्या हातात माझी मूठ घट्ट धरली.

"तू कशाला घाबरतीस, आई?" तो म्हणाला. "मी हाय आता."

माझी मूठ उघडली. बोटांत रक्त उतरलं, कानातला आवाज गेला, किती बरं वाटलं मला. आणि मी त्याचा हात झिडकारायला धडपडू लागले. तो सोडत नव्हता.