परसराम कापगते यांची दक्षिणेकडील भिंत

नाव: परसराम फागू कापगते, राहणार सानगडीपासून तीन मैल. वय: अंदाजे चाळीस, स्वतःच्या सांगण्यानुसार तलावाची पाळ फुटली त्या वर्षीचा जन्म, परंतु पाळ दोनदा फुटलेली असल्याने निश्चित सांगता येत नाही. व्यवसाय: शेती, धान, साडेचार एकर. कुटुंब: पत्नी एक, नामे तुळसा, मुलगी एक, लग्न करून नाकाडोंगरीस दिलेली. जनावरे: बैल दोन. घर: स्वतःचे, राहते, स्थावर. भिंती: चार. भिंतींचा प्रकार...

इथे ग्रामसेवकांचा पेन थांबला. माती, विटा, दगड आणि कुड, एवढ्याच भिंती छापील फॉर्माला माहीत होत्या.

"तणसाच्या लिवा ना साहेब," परसराम म्हणाला. आवाज त्याने शेजारच्या दोन घरांना ऐकू जाईल एवढा ठेवला होता.

"तणसाच्या लिहिलं तर ते घर राहत नाही, परसरामभाऊ. चारा होते. चाऱ्याचा फॉर्म अलग असते."

शेवटी "मातीच्या, आतून इतर" असं लिहून आणि चहा पिऊन ग्रामसेवक गेले. ही १९७८ सालची गोष्ट.

तणीस म्हणजे धान चुरून झाल्यावर उरतो तो पेंढा. तो बैल खातात, आणि बैलांचं लक्ष नसलं की त्यावर कुत्री झोपतात. याच्या भिंती कराव्यात हे गावात परसरामच्या आधी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्याच्याही डोक्यात ते आपणहून आलं नाही. तीन वर्षांपूर्वी लाखनीजवळ तणसाच्या दाबलेल्या गठ्ठ्यांनी भरलेला एक ट्रक रस्त्याकडेच्या नालीत उलटला. ट्रक उचलून नेला, गठ्ठे राहिले. अख्खा पावसाळा त्यांच्यावर पडला. पोळ्याच्या सुमारास परसराम खत आणायला लाखनीला गेला तेव्हा त्याने एका गठ्ठ्यात सहज हात घातला. वरचं चार बोटं तणीस काळं पडलेलं होतं. आत कोपरापर्यंत हात गेला तरी पिवळं, कोरडं, कालच चुरल्यासारखं. परसराम त्या दिवशी खत न घेताच घरी आला.

त्यानंतरचा दीड वर्षाचा काळ त्याने विचार करण्यात घालवला आणि १९७७ च्या उन्हाळ्यात घर बांधलं. सुताराकडून फळ्यांची एक पेटी करून घेतली. सकाळी शेतातलं लाखोरीचं पीक उपटायचं, दुपारी पेटीत तणीस भरून तुडवायचं, अंबाडीच्या दोरानं आवळून गठ्ठा बाहेर काढायचा. तुडवायचं काम तुळसाकडे आलं, कारण परसरामच्या मते तिचा पाय जड होता. हे मत त्याने एकदाच मांडलं.

चौथरा गुडघाभर उंच, दगडाचा. छताचा भार सगळा लाकडी खांबांवर, वर मातीचे कवेलू. खांबांच्या मधे विटा रचाव्यात तसे गठ्ठे, त्यांच्यातून बांबूच्या खुंट्या ठोकलेल्या. आतून-बाहेरून शेण, माती आणि कोंड्याचा हातभर नव्हे, पण चांगला बोटभर जाड लेप. घर उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात ऊबदार राहायचं. हे कबूल करायला गावातलं कोणी तयार नव्हतं. उन्हाळ्यात दुपारी येऊन बसायला मात्र सगळे तयार होते.

त्यात पहिला नंबर धनीरामचा. त्याचा कोठा, म्हणजे गुरांचा गोठा, परसरामच्या दक्षिणेच्या भिंतीला जवळजवळ लागून होता.

"परसराम, घराले कुंपण कर गा," धनीराम म्हणायचा. "एखाद्या दिवशी गाई येतीन अन् खाऊन जातीन."

"तू बिडी विझव पहिले."

"घरात बिडी पेता येत नाही, ते कायचं घर गा?"

हा वार बरोबर बसायचा. कारण परसराम स्वतः दिवसाला एक कट्टा बिडी ओढायचा आणि त्यासाठी घरापासून वीस पावलं मोजून बोराखाली जाऊन बसायचा. भर थंडीत, घोंगडी घेऊन, आपल्या ऊबदार घराकडे पाहत.

पण धनीरामचं खरं म्हणणं वेगळं होतं, आणि ते गावाचंही होतं. आतलं तणीस कधीच सडलं आहे, नुसता लेप उभा आहे, असं त्याचं मत होतं. परसराम छातीवर हात ठेवून सांगायचा की नाही, कोरडं आहे. मात्र त्यालाही ते माहीत नव्हतं. कसं माहीत असणार? लेप फोडल्याशिवाय दिसत नाही, आणि लेप फोडला की लोक म्हणणार, पाहा, शंका आली. म्हणून तो कोणी नसताना भिंतीला नाक लावून वास घ्यायचा. तुळसाने हे पाहिलं होतं. एकदा, तो ओळीनं चारी भिंती हुंगत असताना, "माह्या भाजीचा बी वास घेत जा कधी," एवढं म्हणाली.

मग एकोणऐंशी साली पाऊस गेला. तलाव अर्धाही भरला नाही, बांध्यांमधे धान वितभर वाढून थांबलं. धान नाही म्हणजे तणीस नाही. चैत्र संपता संपता परसरामच्या अंगणातला ढीग झाडून झाडून संपला. हिऱ्या आणि चांद्या या त्याच्या बैलांच्या बरगड्या लांबून मोजता यायला लागल्या. गावात पेंढी मिळेना. मृगाला अजून सव्वा महिना होता. जोडी गेली तर नांगरणी गेली, नांगरणी गेली तर रोवणी, आणि मग साडेचार एकर दुसऱ्याला अर्धेलीनं देऊन स्वतःच्याच बांधीत मजुरीनं उतरायचं.

परसरामने दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बैलांना सानगडीच्या बाजारात नेण्यासाठी सोडलं.

तुळसा दारात उभी राहिली. "कोठी चाल्ले?"

"विकतो. मरून राहिले बिचारे."

"घरात तीन वर्साचं तणीस रचून ठेवलं, अन् बैल उपाशी विकता?"

"ते तणीस नाही वो. ते भिंत हाये."

"मंग रोवणीले भिंत जुंपसाल काय?"

परसराम हळूच म्हणाला, "अन् सडलं असन तं?"

तीन वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडून प्रथमच बाहेर पडलं. तुळसाने त्याची चेष्टा केली नाही, यावरून तिलाही परिस्थितीची कल्पना होती असं म्हणता येईल.

"सडलं असन तं बैल बी गेले अन् तुमी बी गेले," ती म्हणाली. "पाऊस पश्चिमेचा येते. दक्षिणेची फोडा. तिकडून धनीरामभाऊचा कोठा आडोसा हाये."

गावात बातमी देण्याची गरज पडली नाही. परसराम शिडीवर चढून कवेलूंच्या खालचा लेप विळ्यानं कापायला लागला तेव्हा खाली पंधरा-वीस माणसं होती. धनीराम सगळ्यांत पुढे होता. आपलंच काही तरी उघडणार आहे अशी त्याची मुद्रा होती. लेपाचं एक ढेकूळ त्याच्या पायाशी पडलं. परसरामने वरच्या ओळीतला गठ्ठा हलवला, खुंटी उपसली आणि गठ्ठा खाली ढकलला. मग स्वतः शिडीवरच बसून राहिला. त्याला खाली पाहवेना.

दोर तुळसाने कापला. गठ्ठा उकलला. धुरळा उडाला, दोघांना शिंका आल्या.

"आंऽ," धनीराम म्हणाला. त्याने तणीस हातात घेतलं, मोडलं, नाकाला लावलं. "हे तं नवंच हाये गा, साला."

पण धनीरामचं मत शेवटचं नव्हतं. हिऱ्याने गठ्ठा हुंगला. थोडा विचार केला. त्याच्या मालकासोबत राहून त्याला तशी सवय लागली असावी. मग तोंड घातलं. चांद्याने त्याच्या तोंडातलं ओढून घेतलं.

शिडीवर परसरामची छाती फुगली. ती तशीच फुगलेली असताना त्याच्या लक्षात आलं की आपण बरोबर ठरलो आहोत आणि म्हणूनच आता भिंत राहत नाही. सडलं असतं तर घर तरी वाचलं असतं.

दुसऱ्या दिवशी धनीराम आला. बोलायला जागा नव्हती, पण त्याच्याही दारात बैल होते.

"परसराम, चार गठ्ठे देतं काय गा?"

"पहिले म्हण, घर हाये."

"आता का..."

"म्हण."

"हाये बाप्पा, घर हाये."

"जोरानं. कौशल्याबाईले ऐकू गेलं पाहिजे."

कौशल्याबाई म्हणजे धनीरामची बायको. तिला ऐकू गेलं. तिने कोठ्यातूनच हसून दाद दिली. धनीराम चार गठ्ठे घेऊन गेला.

पुढे रोज सकाळी एक गठ्ठा याप्रमाणे भिंत खाली येत गेली. पहिल्या आठवड्यात तुळसाला धनीरामच्या कोठ्याचं छप्पर दिसायचं, दुसऱ्यात खुद्द धनीराम कमरेपर्यंत दिसायला लागला, आणि वैशाख सरता सरता तो बाजेवर बसूनच "आज का भाजी केली वो वयनी?" विचारायला लागला. शेवटी तुळसाने तिथे बांबूचा तट्टा बांधला, पावसासाठी नव्हे. बैलांच्या पाठी भरल्या. मृगाच्या चौथ्या दिवशी परसरामने नांगर जुंपला, आणि गावात ज्या सहा जोड्या उभ्या राहिल्या त्यात त्याची एक होती.

त्याच महिन्यात ग्रामसेवकांनी ऑफिसात बसून गावातील मालमत्तांची यादी नव्याने उतरवली. त्यात परसराम फागू कापगते यांच्या राहत्या घरासमोर "स्थावर मालमत्ता, स्थिती चांगली, फेरफार निरंक" अशी नोंद आहे, आणि खाली शिक्का आहे.

दक्षिणेची भिंत बैलांनी अडतीस दिवसांत खाल्ली.