वायरलेस करून द्या, बाई

चंद्रपूरच्या आयटीआयमध्ये मी रेडिओ-टीव्हीचा ट्रेड घेतला तेव्हा वर्गात मी एकटीच मुलगी होते. लग्न होऊन गडचिरोलीच्या जंगलात आले तेव्हा त्या अख्ख्या रस्त्यावर रेडिओ दुरुस्त करणारीही मी एकटीच होते. आलापल्लीच्या पुढे रस्ता जंगलात शिरतो, तिकडे आमचं गाव. आमचे हे आश्रमशाळेत मास्तर. माणूस देवभोळा नाही, पण कायदेभोळा. सायकलचा दिवा लागत नसला तर अंधार पडल्यावर उतरून ती ढकलत घरी आणणारा. माझा स्वभाव याच्या अगदी उलटा, हे वेगळं सांगायला नको.

नव्वदनंतरची ती वर्षं. आतल्या गावांत वीज पोचली नव्हती. सेलवर चालणारे रेडिओ होते, पण केंद्रं लांब आणि मध्ये डोंगर, त्यामुळे नुसती खरखर. म्हणून लोक रेडिओला तांब्याची लांब तार जोडून ती मोहाच्या झाडावर नेऊन बांधत. तार वानरं तोडत, पोरं पळवत, आणि वीज कडाडली की घरातले सगळे रेडिओपासून लांब जाऊन बसत. मी त्यावर एक उपाय काढला. रेडिओच्या पोटात तार गुंडाळलेली एक काळी कांडी असते, केंद्र पकडायचं काम तिचं. भंगारातल्या मोठ्या रेडिओची लांब कांडी मी या छोट्या रेडिओंत बसवू लागले. कांडी मावत नसे, मग डब्याला कडेने भोक पाडायचं आणि तिचं टोक बाहेर राहू द्यायचं. दिसायला अगदी बेंगरूळ, पण आवाज खणखणीत, आणि झाडावरच्या तारेची कटकट गेली.

वायर गेली म्हणून लोक त्याला वायरलेस म्हणू लागले. इतका सरळ हिशेब. बाजाराच्या दिवशी माझ्या टपरीसमोर ओरडून मागणी व्हायची, "बाई, माहा रेडिओबी वायरलेस करून द्या!" पोलिसांच्या जीपमध्येही वायरलेस होता आणि हाही वायरलेसच. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

या गिऱ्हाइकांत भामरागडकडचा एक ढिवर होता. नदीवर मासे धरायचा. पावसाळ्यात तिकडचा रस्ता तुटतो, तेव्हा वरच्या अंगाला किती पाऊस झाला ते त्याला रेडिओवरच कळे, आणि जाळी ठेवायची की काढायची ते तो त्यावर ठरवी. भारी बोलका माणूस. "बाई, तुमच्या हातचा रेडिओ माह्या बायकोपेक्षा जास्त बोलते," असं म्हणाला, तेव्हा मागे उभ्या असलेल्या बायकोने त्याच्या पाठीत सुकटाची टोपली घातली होती. मला ती दोघं फार आवडत.

मग गस्त वाढली. दर थोड्या दिवसांनी कुठल्या ना कुठल्या गावात काहीतरी झाल्याचं कानावर येई, आणि ऐकणारा लगेच दुसरा विषय काढी. एक दिवस ठाण्याचे नवे साहेब टपरीवर आले. घाटावरचे, बोलायला अतिशय गोड.

"ताई, इथे वायरलेस करून मिळतो म्हणे?"

मी हसत सुटले. एक रेडिओ उघडून त्यांना सगळं दाखवलं. त्यांनी लक्ष देऊन पाहिलं. "म्हणजे यातून फक्त ऐकता येतं. बोलता येत नाही."

"अजिबात नाही."

"माझं समाधान झालं. पण ताई, माझ्या समाधानाने काही होत नाही." मग त्यांनी कायदा सांगितला. परवान्याशिवाय वायरलेस बनवायचा नाही, बाळगायचा नाही. कारखान्यातून आलेल्या यंत्रात परस्पर फेरफार केला, तर ते यंत्र आता नेमकं काय आहे, हे आपण सांगायचं नाही, सरकार सांगणार.

"साहेब, रेडिओ त्यांचा आहे. विकत घेतलाय त्यांनी."

"रेडिओ त्यांचाच. आत काय असावं, ते सरकारचं." त्यांनी चहा संपवला आणि कप विसळून ठेवला. त्या कप विसळण्याची मला का कोण जाणे, भीती वाटली.

पुढच्या बाजारात शिपाई मेणबत्ती आणि लाख घेऊन बसले. दिसेल त्या रेडिओच्या मागच्या स्क्रूवर लाखेचं सील. सील फुटलेलं दिसलं तर मालक आत, आणि फोडणाराही आत. त्यानंतर लोक बंद पडलेले रेडिओ घेऊन येत, मी ते हातात घेऊन उलटेसुलटे करी आणि परत देई. साधी सुटलेली तार असायची. कथिलाचा डाग द्यायला मिनिटभर लागलं नसतं. माझा नुसता तिळपापड व्हायचा. वायरलेस हा शब्द तर बाजारातून गायबच झाला. कुणाच्या तोंडून चुकून निघाला तर बाकीचे इकडेतिकडे बघत.

ढिवर त्या बाजाराला आलाच नव्हता. नदीवर होता. त्यामुळे त्याला हे काहीच ठाऊक नव्हतं. गस्तीवाल्यांनी त्याला वाटेत अडवलं आणि रेडिओतून बाहेर आलेलं ते काळं टोक बघून विचारलं, हे काय आहे? त्याने छाती फुगवून सांगितलं, "वायरलेस हाय, साहेब. बाईनं करून देल्ला." मी तिथे नव्हते, पण त्याचा तो आवाज मला ऐकू येतो.

त्याला ठाण्यात नेलं हे सांगायला त्याची बायको माझ्याकडे आली तेव्हा रडत नव्हती. म्हणाली, "बाई, तुमीच सांगा त्यायले." मी तशीच उठले. आमचे हेही शाळा सोडून माझ्यामागे ठाण्यात आले, याचं मला तेव्हा नवलच वाटलं.

रेडिओ टेबलावर होता, फडक्यात शिवलेला, गाठीवर लाख. आता त्याला रेडिओ म्हणत नव्हते, मुद्देमाल म्हणत होते.

"उघडा, मी दाखवते," मी म्हटलं.

"सील आहे. तज्ज्ञच उघडतील. वर पाठवावा लागेल."

"उघडल्याशिवाय कळणार कसं की आत काही नाही?"

"तेच तर. आणि तुम्ही उघडलात तर तो नवा फेरफार."

"तुम्हाला ठाऊक आहे ना साहेब, की हा रेडिओ आहे?"

"मला ठाऊक आहे," ते शांतपणे म्हणाले. मागच्या खोलीत ढिवर होता. इतका बोलका माणूस, पण तिकडून खोकल्याचासुद्धा आवाज येत नव्हता.

एकच वाट होती. फेरफार मी केला, आणि तो फक्त ऐकण्यासाठी केला, असं मी लिहून द्यायचं. म्हणजे गुन्हा माझ्या अंगावर. आमच्या यांनी माझी बाही ओढली. मला वाटलं, आता हे नको म्हणणार. पण म्हणाले, "तुझं अक्षर वाईट आहे, मी लिहितो. तू सही कर." माझ्या कायदेभोळ्या नवऱ्यावर मी त्या दिवशी जितकं प्रेम केलं तितकं पुढे-मागे कधी केलं नसेल.

टपरीला कुलूप लागलं. माझी डाग द्यायची इस्त्री, मीटर, पाने, सगळं गेलं. खटला पुढे रेंगाळला आणि विझला. ढिवर मात्र लगेच सुटला नाही. तो सुटला तेव्हा उन्हाळा संपत आला होता. सुटला हे ऐकून मी घरात शिरा केला.

पुढच्या बाजाराला त्याची बायको एकटीच आमच्या घरी आली. मी बसायला पाट दिला, ती उभीच राहिली.

"आतल्यायनं बलावलं होतं त्याले," ती हळूच म्हणाली. आतले म्हणजे जंगलातले, बंदूकवाले. "इचारून राह्यले, पोलिसायनं तुले सोडलं काऊन?"

"मंग त्यानं काय सांगतलं?"

"सांगतलं का थो वायरलेस नोहता, रेडिओच होता."

"खरंच तं हाय."

"तेबी तेच म्हणतेत. म्हणतेत, आमाले मालूम हाय रेडिओच होता. पोलिसायलेबी मालूम होतं. मंग एवढे दिवस ठेवून त्यायनं तुले इचारलं काय, अन् तू सांगतलं काय?"

मी म्हटलं, "मी येतो तुमच्या गावाले. त्यायच्यासमोर सांगतो सगळं. मास्तरबी येईन."

ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून बोलली. "नको, बाई. पोलिसायनं तुमचं आयकलं, म्हणूनच तं हे झालं."

तिने टोपली उचलली आणि भामरागडच्या बसकडे गेली. थोड्याच दिवसांत पाऊस लागला आणि तिकडचा रस्ता तुटला. रस्ता उघडल्यावर बाजार पुन्हा भरू लागला, पण सुकट विकायला त्या घरचं कुणी आलं नाही.