दुसरा सिलिंडर

"इंजिन उघडावं लागेल, सर," मारतहळ्ळीच्या सर्व्हिस सेंटरमधला टाय लावलेला माणूस म्हणाला, तेव्हा त्यानं माझ्या गाडीचं बॉनेटसुद्धा वर केलं नव्हतं. एक यंत्र जोडलं, पडद्याकडे पाहिलं आणि मोकळा झाला.

"बिघाड कुठे आहे?"

"ते उघडल्यावर कळेल."

"म्हणजे आधी पोट फाडणार आणि मग विचारणार, दुखतंय कुठे?"

"सर, संध्याकाळी सहापर्यंत हो किंवा नाही कळवा. उद्या इंजिन खाली घेतो."

बारा वर्षं त्या इंजिनाला मी कोणाचा पाना लागू दिला नव्हता. एकदा उघडलेलं इंजिन पुन्हा तसं बसत नाही, हे मी यशवंतपुरात शिकलोय. तिथे माझा खोक्यांचा कारखाना आहे, सगळा जुन्या मशिनींवर उभा केलेला. मशीन अडली की आधी सर्वांत सोपी जागा बघायची, हा माझा शिरस्ता. या टायवाल्यांना तो कोणी शिकवलेलाच नाही.

गाडी थडथडत महादेवपुऱ्याला घरी आणली. इंजिन चालू ठेवलं आणि चार सिलिंडरांवरच्या कॉइल्सच्या वायरचे खटके एकेक करून काढले आणि परत लावले. ही कॉइल प्लगला ठिणगी पुरवते. पहिला खटका काढला, इंजिन आणखी हादरलं. म्हणजे तो सिलिंडर काम करत होता. तिसरा, चौथा, तसंच. दुसऱ्याचा काढला तर काहीच फरक नाही. मेलेला तो होता. पाच मिनिटं लागली. पाच!

इंजिन बंद करून थंड होऊ दिलं आणि दुसरी कॉइल वर ओढली. तिच्या रबरी नळीतून पाणी ठिबकलं. खाली, प्लग बसतो त्या खड्ड्यात, बोटभर पाणी. आधी प्लग काढला असता तर ते सगळं सिलिंडरमध्ये गेलं असतं, म्हणून काडीला फडकं गुंडाळून खड्डा पुरता टिपून घेतला. कॉइल पुसली, वाळवली, बसवली. चावी फिरवली. इंजिन मांजरासारखं गुरगुरलं.

"कोणी घातलं हे पाणी?" मी अंगणभर ओरडलो.

बायको दारातच उभी होती. "अहो, रविवारी गाडी धुऊन आणलीत ना?"

धुलाईवाला म्हणाला होता, "इंजिनवर फवारा नको, अण्णा. पाणी आत जातं." मला वाटलं, काम टाळतोय. बाहेरच्या धुलाईच्याच भावात इंजिनही, म्हणून मी अर्धा तास अडून बसलो होतो. शेवटी कंटाळून तो म्हणाला, "सरी, अण्णा," म्हणजे बरं बाबा, आणि फवारा आत धरला. मी जिंकलो होतो.

सहाला दहा मिनिटं कमी असताना सर्व्हिस सेंटरला फोन लावला. "इंजिन उघडायचं नाही. प्लगच्या खड्ड्यात पाणी होतं."

"पाणी आत गेलं कसं, सर?"

बायको ओठ दाबून माझ्याकडे बघत होती.

"तो तुमचा प्रश्न नाही," मी म्हणालो. "चार कॉइल्स उचलून पाहायला तुमचे हात झिजले असते का, हा प्रश्न आहे!" आणि फोन ठेवला.

हा राग खरा आहे, आजही. फक्त त्या धुलाईवाल्याच्या रस्त्यानं मी अजून गाडी नेलेली नाही.